साहेबांचे ओले पाय

मी ज्या तीन गावांचा ग्रामसेवक होतो, त्यांतल्या दोन गावांत पाणी होतं आणि तिसऱ्या गावात अब्रू होती. तिन्ही गावं मिळून सरकारनं मला एक सायकल वापरायला परवानगी दिली होती. परवानगी सरकारची, सायकल माझी.

मंगळवेढ्याच्या भोवतालची जमीन तुम्ही पाहिली असेल. काळी, सपाट, ज्वारीची. हिवाळ्यात उभ्या ज्वारीतून सायकल हाकत निघालं, की आपण कुठल्या तरी राज्याचे राजे आहोत असं वाटायचं. पण दक्षिणेकडं तोंड केलं, की हे राज्य हळूहळू संपायचं. काळी जमीन आधी भुरी व्हायची, मग मुरूम, मग नुसते दगड. चढ लागायचा. माणसांच्या बोलण्यात आधी एखादा कानडी शब्द यायचा, मग दोन, मग अख्खं वाक्य. ज्या ठिकाणी उतरून सायकल हातात धरावी लागायची आणि समोरून येणारा माणूस तुमची विचारपूस दोन भाषांत करायचा, तिथं माझं तिसरं गाव सुरू व्हायचं. माळावर वसलेलं. पाऊस पडायचा, नाही असं नाही. पण आलेला पाऊस या गावाला रामराम करून थेट उताराला लागायचा, तो खालच्या गावांच्या विहिरींत जाऊन बसायचा. खालची गावं आमच्याच पावसावर ऊस लावायची आणि आम्हाला दुष्काळी म्हणायची.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. जिल्ह्यानं खडी फोडायचे हातोडे ठेवून दिले होते, भाषणं बदलली होती. दुष्काळ संपला हे फक्त या गावाला कुणी कळवलं नव्हतं. संक्रांत झाली, की गावची एकुलती विहीर तळ दाखवायची. मग बायका गावाखालच्या ओढ्यात उतरायच्या. तिथं वाळूत खड्डा खणायचा, त्याला झिरा म्हणतात. त्यात पाणी पाझरत यायचं, ते वाटीनं घागरीत भरायचं. वाटी भरायला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात दोन बायकांचं एक भांडण होऊन मिटायचं सुद्धा.

आता ग्रामपंचायत. सरपंच पागोटेवाले, देखणे, आवाज असा की कोंबडे ऐकून घ्यायचे. त्यांना सगळे आण्णा म्हणत. बाकीचे मेंबर आण्णा मान हलवतील तशी मान हलवणारे. कायद्यानं बायकांना दोन जागा ठेवलेल्या होत्या. त्यातल्या एका जागेवर आण्णांची चुलती होती. ती सभेला कधीच यायची नाही. तिचा अंगठा आणायला कोतवाल शाई घेऊन घरी जायचा आणि अंगठ्याबरोबर ताकही पिऊन यायचा. दुसऱ्या जागेवर होती आमची मेंबरीण.

ही बाई सभेला यायची! पहिल्या सभेला आली तेव्हा देवळातल्या सगळ्या पुरुषांना वाटलं, चुकून आली, दर्शन घेऊन जाईल. ती खांबाला टेकून बसली ती बसलीच. विजापूरकडची, लग्न होऊन इकडं आलेली, नवरा लवकर गेलेला, एकच मुलगा. मराठी आमच्यासारखीच बोलायची, पण राग आला की कानडीत शिरायची, आणि तिथून तिला बाहेर काढणं आण्णांनाही जमत नसे. गावातली लहानथोर माणसं तिला अव्वा, म्हणजे कानडीत आई, म्हणत. मीही म्हणू लागलो.

सभेत तिचा विषय एकच. शाळेच्या पत्र्यांवर चर्चा चालली असली, की ती म्हणायची, "पानी?" दिवाबत्तीवर चालली, की "पानी?" एकदा आण्णा वैतागले.

"अव्वा, आगं आज विषय गावठाणाचा हाय."

"व्हय की. गावठाणात मानसं ऱ्हात्यात न्हवं? त्यास्नी पानी?"

तिचं दुखणं सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिची सून अशीच विजापूरकडची, बागायती गावातली. लग्नानंतर दुसऱ्याच उन्हाळ्यात, पोटुशी असताना, डोक्यावर घागर आणि कमरेवर कळशी घेऊन ओढ्याची चढण चढताना ती घसरून पडली. मूल गेलं. तिचा बाप आला, लेकीला गाडीत घातलं आणि घेऊन गेला. जाताना विहीणबाईला हात जोडून शांतपणे म्हणाला, "तुमच्यावर राग न्हाय. पन पानी दारात आलं, की पोरगी दारात यील." मुलगा अधूनमधून सासरवाडीला जायचा, चार दिवस राहून यायचा. आणि आता सून पुन्हा पोटुशी होती. तिकडंच. अव्वाला नातवंड हवं होतं, तेही आपल्या घरात, आपल्या उंबऱ्याच्या आत. त्यासाठी गावात पाणी हवं होतं. इतकं सरळ गणित होतं ते.

अशात एक बातमी आली. जमिनीत भोक पाडून पाणी काढणारं यंत्र आमच्या तालुक्यात येणार होतं. आमच्या भागात ते एकाच गावाला मिळणार. नावं दोन निघाली. एक आमचं, एक ओढ्यापलीकडचं. दोन्ही गावं सारखीच कोरडी, पण कुठलं जास्त कोरडं हे पाहायला खुद्द गटविकास अधिकारी जीप घेऊन येणार. पंचायत समितीत मला सांगितलं गेलं, "साहेब स्वतः घरोघर जाऊन रांजण बघणार आहेत. कागदावर विश्वास नाही त्यांचा."

मी आनंदानं सायकल हाणत गावात आलो. आमच्याएवढे रिकामे रांजण सगळ्या जिल्ह्यात कुठं मिळणार! आमचा नंबर पक्का.

पण अव्वा माझ्यापेक्षा शहाणी होती. तिला आपलं गाव ठाऊक होतं.

इथं तुम्हाला त्या गावाची एक रीत सांगायला हवी. दारात आलेल्या माणसाच्या पायांवर घरच्या बाईनं तांब्याभर पाणी ओतायचं, मग हातावर गुळाचा खडा आणि प्यायला पाणी. त्याशिवाय तो उंबरा ओलांडत नाही. ही रीत आमच्याकडं बऱ्याच ठिकाणी आहे, पण या गावात तिला धार होती. पायावर पाणी न घालता कुणाला दारात उभं केलं, तर त्याचा अर्थ एकच: चालता हो. मी स्वतः त्या गावात, ज्या घरी प्यायला घोटभर पाणी नसेल, त्या घरी पाय धुऊन घेतलेले आहेत. नको म्हणायची सोय नव्हती. नको म्हटलं तर घरमालकाचा चेहरा असा व्हायचा, की जणू मी त्याच्या अन्नाला नावं ठेवली.

म्हणून अव्वानं सभा बोलवायला लावली आणि उभी राहून बोलली.

"सायेब येनार त्या दिशी कुनीबी त्येंच्या पायावर पानी घालायचं न्हाय. रांजन पालथं. घागरी पालथ्या. तांब्या दिसाय नको. तोंडात पान असलं तरी थुकायचं न्हाय, वल दिसंल."

देवळात कुजबूज झाली. एक म्हातारे मेंबर म्हणाले, "आगं पर सायेब दारात कोरडाच हुबा करायचा? लोक काय म्हनतील?"

"कंचं लोक? हितं आपल्याबिगर कोन हाय?"

"सायेब काय म्हनंल?"

"सायेब म्हनंल, ह्यांच्याकडं पानी न्हाय. त्येच तर म्हनाया पायजे की!"

हे पटायला अवघड होतं, पण पटलं. आण्णांनी मान हलवली, मग सगळ्यांनी हलवली. अव्वा एवढ्यावर थांबली नाही. महादेवाच्या पिंडीवरचा बेल तिनं एकेकाच्या हातात दिला आणि शपथ घ्यायला लावली. आण्णांनी बेल कपाळाला लावून असा काही आवाज काढला, की नंदीही चमकला असेल. "माझ्या दारात त्या दिशी पान्याचा थेंब पडला, तर मी सरपंच न्हवं!"

पुढचे दोन दिवस काय घडलं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. ते तुकडे जोडून सांगतो, कारण इतकं सुंदर नाटक मी नंतर सोलापूरच्या थेटरातही पाहिलं नाही.

प्रत्येक घरानं स्वतःशी एकच विचार केला. गावानं पाणी घालायचं नाही हे बरोबर. सगळं गाव कोरडं दिसलं पाहिजे, हेही बरोबर. पण आपलं एक घर? सगळ्या गावात एका घरानं तांब्याभर पाणी घातलं, म्हणून काय साहेब गावाला ओलं म्हणणार आहे? आणि उद्या साहेब तालुक्याला जाऊन म्हणाला, की अमक्याच्या दारात मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही, तर? तेव्हा गाव कोरडं राहू दे, आपण आपल्यापुरतं बघू.

झालं. आण्णांच्या गड्यानं बैलगाडीत पत्र्याची टाकी घातली, वर कडबा रचला आणि खालच्या गावच्या विहिरीकडं निघाला. वाटेत समोरून दुसऱ्या मेंबराची गाडी आली. तिच्यावरही कडबा.

"कुटं गेल्तास रं?"

"कडबा आनाया. तू?"

"मी बी कडब्यालाच."

दोन्ही गाड्यांच्या पलीकडं आणखी एक गाडी, तिच्यावरही कडबा. त्या आठवड्यात आमच्या गावात कडब्याची जी उलाढाल झाली, ती सुगीतही झाली नव्हती. परतीच्या गाड्यांच्या फळ्यांतून पाणी ठिबकत होतं आणि प्रत्येक गाडीवान दुसऱ्याच्या गाडीकडं न पाहता आभाळाकडं पाहत होता. ज्यांच्याकडं गाडी नव्हती, त्यांच्या बायका झिऱ्यावर बसून राहिल्या. अव्वाला ती गर्दी दिसली. तिला वाटलं, त्या दिवशी भरायचं नाही म्हणून बिचाऱ्या आधीच भरून ठेवतायत. ती मनातून सुखावली सुद्धा. गाव ऐकतंय आपलं.

साहेबांची जीप आली. साहेब पुण्याकडचे, तरुण, बूट-मोजे, इस्त्रीचा शर्ट, बोलायला अतिशय नम्र. बरोबर विस्तार अधिकारी आणि ड्रायव्हर. वेशीत मी, आण्णा, मेंबर, कोतवाल आणि अव्वा. अव्वानं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. वेशीपासून दिसत होतं: प्रत्येक दारात रांजण पालथा. घागरी पालथ्या. कावळे बसलेत. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं, इतकं ते दृश्य कोरडं होतं.

साहेब हळहळले. "फारच वाईट परिस्थिती आहे हो, भाऊसाहेब."

अव्वानं माझ्याकडं बघितलं. मी अव्वाकडं.

पहिलं घर आण्णांचं. साहेब दारात उभे राहिले. आण्णांनी घसा खाकरला. आतून पदर सावरत आण्णांची बायको बाहेर आली. तिच्या हातात पितळी तांब्या होता, चिंचेनं घासलेला, काठोकाठ भरलेला.

"बूट काडा, सायेब," आण्णा म्हणाले. त्यांनी अव्वाकडं बघितलं नाही.

साहेबांनी बूट काढले, मोजे काढले, पँट वर घेतली. पायावर पाणी पडलं. उन्हातून आलेला माणूस, त्याचे डोळे मिटले. गूळ आला. पाणी आलं. साहेब म्हणाले, "वा!"

मी अव्वाच्या शेजारी उभा होतो. ती ओठ न हलवता म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. एक घर गेलं. बाकीची हायती."

दुसऱ्या घरात तांब्या नव्हता. दुसऱ्या घरात घंगाळ होतं! कोमट पाणी. आण्णांच्या घरचा तांब्या पाहिल्यावर दुसऱ्या घरानं तांब्यावर कसं थांबायचं? तिसऱ्या घरात साहेबांच्या आधी ड्रायव्हरचे पाय धुतले, म्हणजे आमच्याकडं गाडीवानालाही मान आहे हे साहेबांना दिसावं. चौथ्या घरच्या म्हातारीनं पायावर ओतून झाल्यावर उरलेलं पाणी अंगणात शिंपडलं, धूळ बसावी म्हणून. साहेबांनी "अहो पुरे, पुरे" असं प्रत्येक दारात म्हणून पाहिलं. नंतर त्यांनी बूट घालणंच सोडून दिलं. कोतवालानं ते बूट दोन्ही हातांवर घेतले आणि एखाद्या महाराजांच्या पादुका धराव्यात तसा तो पुढं चालू लागला. मागं अनवाणी साहेब, गुडघ्यापर्यंत पँट वर, पायांची बोटं पांढरी, सुरकुतलेली.

आणि गल्लीत पाणी वाहू लागलं. त्या गावाच्या गल्लीत भर उन्हाळ्यात! दोन घरांचं पाणी एकत्र येऊन त्याचा ओघळ झाला, ओघळाचा चिखल झाला. कुठून कुठून कोंबड्या आल्या. कुत्री आली. उन्हात जिभा काढून पडलेली ती कुत्री साहेबांच्या मागं मागं निघाली आणि प्रत्येक दारापुढं थांबून, पाय धुतलेलं पाणी लपालपा चाटू लागली. मला हसू येत होतं. इतकं येत होतं, की मी तोंडावर उपरणं धरलं. आणि त्याच वेळी प्रत्येक दाराबरोबर यंत्र एक एक कोस लांब जात होतं.

अव्वा आता आमच्या पुढं निघाली होती, आपल्या दाराकडं.

मग तिचं घर आलं. 

साहेब दारापुढं थांबले. एव्हाना त्यांना सवय झाली होती. त्यांनी न सांगता उजवा पाय पुढं केला आणि वाट बघत उभे राहिले. दारात रांजण पालथा. घागर पालथी. तांब्या खुंटीला उलटा. सगळ्या गावात शपथ पाळलेलं हे एकच घर. तिच्या मुलानं सकाळपासून तोंडही धुतलं नव्हतं. तो आत भिंतीला टेकून उभा होता.

अव्वा उंबऱ्याच्या आत गेली, वळली आणि म्हणाली, "पानी न्हाय, सायेब."

मेंबर मंडळींच्या माना खाली गेल्या. मला वाटलं लाजेनं. लाजच होती, पण ती वेगळी होती. हे मला पुढं कळलं.

साहेब हसले. वाईट हसणं नव्हतं, समजूत घालणारं होतं. "असं कसं? सगळ्या गावात आहे, तुमच्याच घरात नाही?"

"कुटल्याच घरात न्हाय, सायेब."

साहेबांनी आपल्या पायांकडं पाहिलं. मागं कुत्र्यांच्या जिभांचा आवाज येत होता. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही पंचायतीच्या मेंबर ना? मेंबरनंच आळस केला तर बाकीच्यांनी काय करायचं? घरात सून आहे ना? तिला सांगा, सकाळी जरा लवकर उठून भरत जा म्हणावं."

अव्वानं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"सांगते," ती म्हणाली.

देवळात चहा झाला. चहाही भरपूर झाला, दोनदा झाला. मी साहेबांना बाजूला घेऊन म्हणालो, "साहेब, हे पाणी गावातलं नाही. कोस कोस लांबून आणलंय, तुमच्यासाठी." साहेब म्हणाले, "भाऊसाहेब, तुमचं गावावर प्रेम आहे, समजतो मी. पण मी डोळ्यांनी पाहिलं ते खोटं आणि तुम्ही सांगता ते खरं? यांनाच विचारू की. काय हो सरपंच, हे पाणी बाहेरून आणलंत?"

मी आण्णांकडं पाहिलं. सगळं त्यांच्या एका मानेवर आलं होतं. अव्वा खांबाला टेकून त्यांच्याकडं बघत होती. आण्णा पागोटं सावरून म्हणाले, "छ्या! घरचंच की, सायेब. आजून घ्या."

साहेब बूट घालून जीपमध्ये बसले. हात हलवत गेले. धूळ उडाली नाही. चाकं चिखलातून गेली.

जीप दिसेनाशी होताच मी आण्णांवर फिरलो. "अहो, खरं का नाही सांगितलंत?"

आण्णा माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मीच भाबडा. "भाऊसायेब, तुमी शिकलेली मानसं. पाव्हन्याच्या ताटात वाडायचं आन् वर त्याला सांगायचं, की ही भाकरी आमी शेजाऱ्याकडनं मागून आनलीया? त्यो घास खाईल का? त्यापक्षी न वाडलेलं बरं."

"मग न वाढायचंच ठरलं होतं ना! बेल उचलला होता तुम्ही!"

"गावासाटी उचलला हुता," आण्णा शांतपणे म्हणाले. "माझ्या एका घरानं काय हुतंय? मला काय ठावं, ही सगळी..."

"आमाला तरी काय ठावं?" दुसरा मेंबर म्हणाला. "तुमच्या घरातनं तांब्या निगाला, मग आमच्या घरात काय भिकारी ऱ्हात्यात व्हय?"

"तुजं घंगाळ कशाला पायजे हुतं पन?" तिसऱ्यानं त्याला विचारलं.

"मला घंगाळावरनं बोलतोस? तुजा कडबा ठिबकत हुता त्यो न्हाय दिसला व्हय कुनाला?"

तासभर असं चाललं. मग हळूहळू, कुणाच्याही लक्षात न येता, भांडणाचा रंग पालटला. कुणीतरी म्हणालं, साहेब "वा!" म्हणाला. कुणीतरी म्हणालं, पुण्याचा माणूस, पण पाय धुऊन घ्यायला लाजला नाही. ड्रायव्हर म्हणत होता, असं गाव तालुक्यात बघितलं नाही. चेहरे उजळत गेले. आणि मग ते म्हातारे मेंबर तंबाखू मळत म्हणाले, "समदं झ्याक झालं. येक अव्वाच्या दारात तेवडा सायेब कोरडा हुबा ऱ्हायला. गावाचं नाक गेलं बगा."

सगळ्यांनी अव्वाकडं बघितलं. तेव्हा मला कळलं, की मघाशी माना कुणासाठी खाली गेल्या होत्या.

"आगं, वाटीभर तरी घालायचं," कुणाची तरी बायको म्हणाली. "माज्याकडनं न्हेलं असतंस."

अव्वा उठली. तिला राग आलेला नव्हता. राग आला असता तर ती कानडीत शिरली असती आणि मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "व्हय. न्ह्यायला पायजे हुतं," आणि घरी गेली.

यंत्र ओढ्यापलीकडच्या गावाला मिळालं. त्या गावानं साहेब आल्यावर पाय धुतले नाहीत. उलट बायकांनी साहेबांपुढं रिकाम्या घागरी बडवल्या आणि एकीनं रस्त्यात लोळण घेतली, असं ऐकलं. आमचं गाव ते ऐकून नाक मुरडायचं. "भिक्कारडं गाव. लाज न्हाय, काय न्हाय." यंत्र जाताना आमच्या वेशीवरून गेलं. केवढं धूड होतं! सगळं गाव रस्त्याच्या कडेला उभं राहून जत्रेतला हत्ती बघावा तसं बघत होतं. यंत्रावरच्या माणसांनी पाणी मागितलं, तर आण्णांनी दोन घागरी आणवल्या. ते पाणी प्याले, त्यांनी तोंडं धुतली आणि ते पलीकडच्या गावात भोक पाडायला गेले.

तिथं पाणी लागलं. पण खारं लागलं. इतकं खारं की जनावरंसुद्धा तोंड लावून मान झटकायची. मग यंत्र तिथून दुसऱ्या भागात गेलं आणि परत कधी आमच्याकडं फिरकलं नाही. आमच्या गावात गोडं लागलं असतं की खारं, की नुसती दगडाची भुकटी निघाली असती, ते कुणालाच सांगता येणार नाही. आमचं गाव मात्र ठामपणे सांगायचं, की गोडंच लागलं असतं.

बातमी बाजारातून अव्वाच्या व्याह्यांपर्यंत पोचली असणार. त्यांनी निरोपही पाठवला नाही. सून तिकडंच बाळंत झाली, मुलगा झाला. बारशाला अव्वा गेली आणि चार दिवसांनी परत आली. मी विचारलं, कसं आहे बाळ? म्हणाली, "लई गोरा हाय. रोज दोन टायमाला अंगूळ घालत्यात त्येला." त्या शेवटच्या वाक्यात तक्रार होती की अभिमान, मला ओळखता आलं नाही.

पुढच्या सुगीआधी तिचा मुलगा सासऱ्याच्या शेतावर कामाला गेला. आधी म्हणाला, नांगरट होईपर्यंत. मग म्हणाला, ऊस तुटेपर्यंत. मग म्हणायचं बंद केलं. त्यानं आईलाही तिकडं यायचा आग्रह केला, नाही असं नाही. पण सासू सुनेच्या माहेरी जाऊन राहते, हे त्या गावात कधी घडलं नव्हतं. आणि त्या गावात जे कधी घडलं नव्हतं, ते घडवण्याची ताकद तिच्यात आता उरली नव्हती. सभेला ती यायची. खांबाला टेकून बसायची. शाळेच्या पत्र्यांचा विषय निघाला, की पत्र्यांवर मान हलवायची. तिनं पाण्याचं नाव घेतलेलं मी नंतर ऐकलं नाही. आण्णांनाच चुकल्यासारखं व्हायचं. "काय अव्वा, आज पानी न्हाय?" ते चेष्टेनं विचारायचे. ती हसायची.

माझी बदली टेंभुर्णीकडं व्हायच्या थोडं आधी मी शेवटचा तिच्या घरी गेलो. त्या दिवशी तिचा मुलगा आला होता, पोराला घेऊन, एका दिवसापुरता. सून आली नव्हती. पोरगं दोनेक वर्षांचं, गोरंपान, डोळ्यांत काजळ. अव्वानं आदल्या दिवसापासून झिऱ्यावर बसून घागर भरून आणली होती. पोराला नवं अंगडं घातलं होतं, भरड्याचा लाडू केला होता. पोरगं लाडू हातात धरून अंगणात उभं होतं. खात नव्हतं. माळावरच्या त्या उजाड अंगणात इकडं तिकडं बघत होतं. एखादं झाड शोधत असावं, किंवा आई.

अव्वा त्याच्यासमोर उकिडवी बसली. "खा की, राजा. ग्वाड हाय."

पोरगं तिच्याकडं बघून, अगदी स्वच्छ आवाजात म्हणालं, "मनीगी यावाग होगूनू?"

घरी कधी जायचं, असं विचारत होतं ते. तिच्याच माहेरच्या बोलीत विचारत होतं. मुलगा पटकन पुढं झाला, म्हणाला, "आरं, हेच घर हाय आपलं." पोराला ते कळलं नाही. त्यानं पुन्हा तेच विचारलं, आता जरा रडवेलं होऊन.

अव्वा उठली. तिनं त्याला कडेवर घेतलं, पदरानं त्याचं नाक पुसलं.

"ईग," ती त्याला म्हणाली. आत्ता. "ईग होगूनू."

आणि त्याला घेऊन एसटीच्या फाट्याकडं चालू लागली. मुलगा पिशवी घेऊन मागनं निघाला. दुपार अजून चढायची होती, आणि विजापूरकडची गाडी फाट्यावर यायची ती उन्हं उतरल्यावर.